जुन्या शाळेकडे परत: बीड जिल्ह्यांतील माजी विद्यार्थ्यांचे मेळावे

ज्युबिली हा शब्द आज आपण उत्सव या अर्थानें वापरतों. परंतु त्याचें मूळ पाहूं गेल्यास तो परत येण्याचा शब्द आहे. जुन्या करारांतील लेवीय नामक पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत इस्राएल लोकांस असा नियम घालून दिलेला आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, शिंग फुंकून तें देशभर जाहीर करावें, आणि त्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावें. मेंढ्याच्या त्या शिंगास हिब्रू भाषेंत 'योबेल' म्हणत. त्यावरूनच ज्युबिली हें नांव आलें. पुढें पोप आठवे बोनिफास यांनीं इ. स. १३०० मध्यें पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें व ख्रिस्तसभेंतही ही चाल पडली. तेव्हां ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत परत येण्याच्याच एका नव्या रीतीविषयीं चार शब्द लिहिले, तर ते अप्रस्तुत ठरणार नाहींत असें आम्हांस वाटतें.

ही रीति म्हणजे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटींत बीड जिल्ह्यांतील कोणत्याही मोठ्या गांवीं जावें, तर तेथील हायस्कुलाच्या अंगणांत मांडव पडलेला दिसतो. वीस, पंचवीस, क्वचित् पन्नास वर्षांपूर्वीं एका वर्गांत बसलेलीं मुलें, आतां केंस पिकलेले गृहस्थ व नातवंडांच्या आज्या होऊन, पुन्हां त्याच बांकांवर बसतात. व्हॉट्सॲपवर वर्गाचा समूह निघाल्यापासून तर दूरदूरच्या सोबत्यांचा शोध लावणें फार सोपें झालें आहे. आमच्या पॅरिशमधील अनेक कुटुंबांतील माणसेंही अशा मेळाव्यांस जात असतात. परंतु ही रीति आली कोठून, ती येथें इतक्या उशिरां कां आली, आणि तिच्यांत कोण येतात व कोण येत नाहींत, याचा विचार सहसा होत नाहीं. तो करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

परत येण्याची ओढ आपल्या लोकांस नवी नाहीं. सासुरवाशीण पंचमीला व दिवाळीला माहेरीं येते. मुंबई-पुण्यास पोटामागें गेलेला माणूस गांवच्या जत्रेस येतो. कार्तिक महिन्यांत कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेस जातात, त्यांतल्या कित्येकांची भेट वर्षांतून तेवढी एकदांच होते. या सर्व भेटींचें निमित्त नातें तरी असतें, नाहीं तर देवस्थान. एका वर्गांत बसलों होतों, एवढ्याच कारणानें परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या व परक्या गांवच्या माणसांनीं एकत्र जमावें, ही गोष्ट मात्र नवी आहे. कारण आमच्या भागांत तसा वर्गच पूर्वीं नव्हता.

पश्चिमेकडे या चालीस दोन शतकें झालीं. अमेरिकेंतील विल्यम्स महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनीं १८२१ मध्यें आपला संघ स्थापन केला. अशा संघांत तो फार जुना समजला जातो. तेथें एका वर्षीं पदवी घेणाऱ्यांचा 'क्लास' हा जणूं एक आयुष्यभराचा घटकच मानतात, व पांच-दहा वर्षांच्या अंतरानें तो पुन्हां भरतो. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या जुन्या विद्यालयांतून ती कल्पना आली. बीडपर्यंत यावयास तिला जो वेळ लागला, त्याचें कारण इतिहासांत आहे.

बीड हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानांतील १६ जिल्ह्यांपैकीं औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पांच मराठी भाषेचे होते. पश्चिमेस लागूनच ब्रिटिश हद्दींतील अहमदनगर जिल्हा होता. परंतु शिक्षणाच्या दृष्टीनें त्या सीमेच्या अलीकडे व पलीकडे मोठें अंतर होतें. संस्थानांत राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्यें स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ हें देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारें म्हणून नांवाजलें गेलें, व त्याबद्दल त्याचा गौरव करणें योग्यच आहे. परंतु ती देशी भाषा घरीं मराठी, तेलुगु किंवा कानडी बोलणाऱ्या मुलाची नव्हती. मराठी मुलास हायस्कुलांत जावयाचें तर आधीं दुसऱ्याची भाषा शिकावी लागे, नाहीं तर सीमा ओलांडून नगर, सोलापूर अथवा पुण्याची वाट धरावी लागे. ज्यांस तेवढी ऐपत नव्हती, त्यांचें शिक्षण गांवच्या ओसरीवरच संपे.

ही अडचण ओळखून जीं कांहीं खासगी विद्यालयें निघालीं, त्यांत आमच्या जिल्ह्याचें भूषण म्हणजे अंबाजोगाईची योगेश्वरी संस्था होय. अंबाजोगाई हें आद्यकवि मुकुंदराज व दासोपंत यांचें गांव. निजामी अमदानींत त्यास मोमिनाबाद म्हणत व तेथें घोडदळाची छावणी असे. या गांवीं १९१७ मध्यें योगेश्वरी शाळा स्थापन झाली. उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेंत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ हे १९३५ मध्यें या शाळेंत आले व मुख्याध्यापक झाले. स्वामीजींचें पूर्वाश्रमीचें नांव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. संन्यास घेऊनही त्यांनीं फळा व खडू सोडला नाहीं. १९३८ मध्यें हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हां मात्र ते शाळेंतून बाहेर पडले, सत्याग्रह करून तुरुंगांत गेले, आणि पुढें सर्व संस्थानाच्या मुक्तिलढ्याचे नायक झाले. मराठवाड्याच्या इतिहासांत शाळेच्या दारांतून निघालेली वाट किती दूर जाते, याचें हें उदाहरण आहे.

त्याच १९३८ सालीं दुसरीही एक गोष्ट घडली. वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाल्यामुळें औरंगाबाद, हैदराबाद व इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांनीं संप केला, व शेंकडों मुलांचीं नांवें विद्यालयांतून काढून टाकण्यांत आलीं. त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्यांपैकींच एक. आज माजी विद्यार्थी या शब्दांत आपल्यास केवळ गोडी वाटते. परंतु त्या पिढींत असेही माजी विद्यार्थी होते कीं, ज्यांचें नांव पटावरून खोडलें गेलें होतें व ज्यांस त्या वर्गांत परत बसणें शक्यच नव्हतें. पटावर नांव असणें आणि नसणें यांतील भेद त्यांनीं जसा ओळखला, तसा आपण ओळखला पाहिजे. कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवटीचा अंत झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. १९५८ मध्यें औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. या चौदा वर्षांत मराठी मुलासाठीं शाळेचें दार उघडलें. पूर्वींच्या सरकारी शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. म्हणूनच मराठवाड्यांत जिल्हा परिषदेचीं हायस्कुलें आजही ठिकठिकाणीं दिसतात. त्यांच्या जोडीस खासगी संस्थांचीं विद्यालयें निघालीं. माजलगांव, गेवराई, केज, आष्टी, पाटोदा, धारूर, परळी, अशा तालुक्याच्या व बाजाराच्या गांवीं आसपासच्या खेड्यांतील मुलें पायीं, सायकलीवर अथवा एस. टी. नें येऊं लागलीं. मारवाड्याचा मुलगा, मराठ्याचा मुलगा, वंजाऱ्याचा मुलगा, मुसलमानाचा मुलगा, महारवाड्यांतला व मांगवाड्यांतला मुलगा, आणि थोड्या मुली, असा एक वर्ग त्या भिंतींच्या आंत पहिल्यानेंच बसला. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतील कित्येक मुलें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नगर व औरंगाबाद या बाजूंस चाललेल्या मिशन-कार्यामुळें बोर्डिंगांत शिकत. तींही हळूहळू या गांवच्या हायस्कुलांत येऊं लागलीं. आजच्या मेळाव्यांत जो गोतावळा दिसतो, त्याचें मूळ येथें आहे.

त्या काळच्या वर्गांस एकमेकांपासून ओळखण्याच्या खुणाही आहेत. १९७४ पर्यंत शालान्त परीक्षा अकरावीला होत असे. १९७५ मध्यें दहावीची पहिली परीक्षा झाली, व त्या एका वर्षीं जुन्या अकरावीचीं व नव्या दहावीचीं मुलें एकदमच बाहेर पडलीं. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांची शाळा चालू होती, त्यांस कोणतेंही साल सांगावें लागत नाहीं. खडी फोडण्याचें काम, नालाबांध, तांबड्या मिलोची भाकरी व सुकडी, एवढे शब्द उच्चारले कीं त्या वर्गांतील सर्वजण एकमेकांकडे पाहतात. सकाळीं वर्ग व दुपारीं आई-बापांबरोबर दुष्काळी कामावर, असें ज्यांनीं केलें, त्यांचा तो वर्ग होय.

या वर्गांची पांगापांग कां झाली, हें सांगावयास विशेष संशोधन नको. जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगराळ माथ्यावर व पर्जन्यछायेंत आहे. एक पीक आलें तर आलें, उद्योगधंदे थोडे. परळीस निजामाच्या काळापासून आगगाडी असली, तरी जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बीड, त्यास ती नव्हती. अहमदनगर-बीड-परळी या सुमारें २६१ किलोमीटरच्या लोहमार्गास १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली, आणि बीड व अहिल्यानगर यांच्या दरम्यान प्रवासी गाडी धांवूं लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, म्हणजे मुक्तिदिनाच्याच तिथीस. मधल्या तीस वर्षांत ज्यांनीं मॅट्रिकची परीक्षा दिली, ते एस. टी. च्या फळीवर बसून पुणें, पिंपरी-चिंचवड, मुंबई व औरंगाबादच्या कारखान्यांकडे गेले. आतां त्यांस परत येण्यास गाडी आहे. जातांना मात्र नव्हती.

आतां मेळाव्याचें स्वरूप पाहूं. तें बहुतेक सर्वत्र एकसारखें असतें. सकाळीं जुनी घंटा वाजते. सर्वजण मैदानांत रांगा करून राष्ट्रगीत म्हणतात. मग वर्गांत जाऊन बसतात. पूर्वींचे वर्गशिक्षक, वयानें वांकलेले, हजेरीचा पट उघडून एकेक नांव घेतात, व पन्नाशी उलटलेला गृहस्थ उभा राहून 'हजर सर' म्हणतो. ज्यांचें नांव घेतल्यावर कोणी उठत नाहीं, त्यांतील जे दिवंगत झाले त्यांच्यासाठीं दोन मिनिटें स्तब्धता पाळतात. गुरुजनांस शाल व श्रीफळ, बाईंस साडी, असा सत्कार होतो. त्यानंतर प्रत्येकजण आपला परिचय देतो. जेवण होतें. शेवटीं वर्गणींतून शाळेस कांहीं वस्तु दिली जाते: पाण्याचें यंत्र, बांकें, पुस्तकें, संगणक, क्वचित् एखादी खोलीच. या देणग्यांनीं खेड्यांतील पुष्कळ शाळांची खरी सोय झालेली आहे. शिवाय, ज्या काळांत माणसें जाति-जातींच्या मेळाव्यांतच जमूं लागलीं आहेत, त्या काळांत एका बांकावरची ओळख त्यांस पुन्हां एकत्र बसविते, हें पुण्य थोडें नव्हे. म्हणून या रीतीची आम्ही मनापासून स्तुति करितों.

परंतु स्तुति करून थांबलों तर हा लेख अपुरा राहील. मेळाव्यास बोलावणें कोणास जातें, असा प्रश्न विचारला म्हणजे उत्तर येतें कीं, 'आमच्या दहावीच्या बॅचला.' म्हणजे जे दहावीपर्यंत पोहोंचले, त्यांस. शाळेंत दोन प्रकारचीं कागदपत्रें असतात. एक निकालाची यादी. दुसरें जनरल रजिस्टर. निकालाच्या यादींत शेवटपर्यंत टिकलेल्यांचीं नांवें असतात. जनरल रजिस्टरांत मात्र जो जो एकदां त्या दारांतून आंत आला, त्या प्रत्येकाचें नांव असतें: अनुक्रमांक, जन्मतारीख, जन्मगांव, दाखल झाल्याचा दिवस, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस, आणि सर्वांत शेवटीं 'शाळा सोडल्याचें कारण'. निजामकालीन नोंदींत तारखाही फसली सनाच्या आढळतात. आजूर, दै, बहमन अशा महिन्यांच्या, व इसवी सनाहून ५९० वर्षांनीं मागें असलेल्या. उदाहरणार्थ, १९४७ च्या ऑक्टोबरांत फसली १३५७ सुरू झालें. अशा वह्या कित्येक वर्षें कोनाड्यांत धूळ खात पडल्या होत्या. २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां जुन्या नोंदी किती मोलाच्या असतात हें सर्वांस एकाएकीं कळलें. एका ओळीच्या नोंदींत एका कुळाचें भवितव्य असूं शकतें.

तीं दोन कागदपत्रें शेजारीं ठेवून पाहावीं. समजा, पांचवीच्या वर्गांत ६० नांवें दाखल झालीं व दहावीच्या निकालांत २५ च राहिलीं. तर बाकीचीं ३५ गेलीं कोठें? 'शाळा सोडल्याचें कारण' या रकान्यांत 'सतत गैरहजर' असे दोन शब्द पुष्कळ वेळां दिसतात. आमच्या जिल्ह्यांत त्या दोन शब्दांचा अर्थ बहुधा ऊस असतो.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, व पुढें पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची मालिकाच निघाली. ऊस पिकविणारे तेथें होते. तोडणारे हात बीडच्या डोंगरपट्ट्यांतून गेले. मुकादम पावसाळ्यांत उचल देतो. दसरा उलटला कीं टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' मोजला जातो. गाळपाचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, तोंवर उसाच्या फडाजवळ कोप्या बांधून रहावयाचें. म्हाताऱ्या आई-बापांजवळ ठेवतां आलीं तर मुलें गांवीं राहतात, नाहीं तर बरोबर जातात. थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते, मुलगा मोळ्या वाहतो. सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना काढली, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. त्यांनीं कांहीं मुलें वांचलीं. तरी पण सहामाही परीक्षेच्या आधीं गेलेलें मूल वार्षिक परीक्षेच्या वेळीं परत येतें, एक वर्ष मागें पडतें, दुसरें वर्ष मागें पडतें, आणि मग पटावरून जातें.

मुलींची गोष्ट याहून कठीण आहे. हंगामास जातांना वयांत आलेली मुलगी मागें एकटी कशी ठेवावी, या भयानें तिचें लग्न लवकर उरकून टाकतात. १९२९ च्या शारदा कायद्यापासून बालविवाहास बंदी आहे, १९७८ पासून मुलीच्या विवाहाचें वय १८ आहे. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, बीड जिल्ह्यांतील २० ते २४ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकीं ४० हून अधिक जणींचा विवाह १८ वर्षांच्या आंत झाला होता. राज्याची सरासरी सुमारें २२ आहे. आठवींत पहिली आलेली मुलगी नववींत दिसली नाहीं, अशी आठवण आमच्या जिल्ह्यांतील कोणत्या वर्गास नाहीं? पुढें लग्नानें तिचें आडनांव बदललें, गांव बदललें. पंचवीस वर्षांनीं मेळाव्याची यादी करणारे तरुण जुनें नांव शोधीत बसतात व ती सांपडत नाहीं.

आतां वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. जे नोकरीसाठीं गेले, ते पंचवीस वर्षांनीं एकदां गांवीं येतात, व त्यांच्यासाठीं मांडव पडतो. जे ऊस तोडावयास गेले, ते दर वर्षीं जातात व दर वर्षीं परत येतात. त्यांचें येणें कोणाच्या खिजगणतींत नसतें. आणि मेळावा भरतो केव्हां? दिवाळींत किंवा नाताळांत. म्हणजे नेमका तेव्हां, जेव्हां कित्येक सोबती आपल्या कोयत्यासह कोल्हापूर-सांगलीच्या अथवा कर्नाटकाच्या फडांत असतात. हें कोणी हेतुपुरस्सर करीत नाहीं. नोकरीवाल्यांस ज्या सुट्या मिळतात, त्या पाहून तारीख ठरते, एवढेंच. परंतु परिणाम असा होतो कीं, गांवांत राहिलेल्या गरीब सोबत्यास त्याच्याच शाळेच्या मेळाव्यांत जागा उरत नाहीं.

या ठिकाणीं आपल्या ख्रिस्तसभेच्या एका जुन्या शिस्तीची आठवण होते. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ मध्यें विवाहांची वही ठेवण्याचा नियम केला, व बाप्तिस्म्याची वही ठेवणें हेंही प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूचें कर्तव्य ठरलें. या वहींत ज्याचें नांव एकदां लिहिलें गेलें, तें मागाहून काढून टाकीत नाहींत. माणूस दुसऱ्या प्रांतीं गेला, श्रीमंत झाला, कंगाल झाला, वर्षानुवर्षें देवळांत आला नाहीं, तरी नांव तेथेंच असतें. दृढीकरण झालें, विवाह झाला, कीं त्याच नांवाच्या बाजूस टीप लिहितात. त्या वहीचा हिशेब यशाचा नव्हे, आपलेपणाचा आहे. शाळेचें जनरल रजिस्टरही त्याच जातीचें आहे. आपणच त्याऐवजीं निकालाची यादी हातीं धरून बसलों आहों.

तेव्हां ज्यांच्या वर्गाचे मेळावे पुढें होणार आहेत, अशा आमच्या पॅरिशमधील बंधुभगिनींस आम्ही कांहीं गोष्टी नम्रपणें सुचवितों. पहिली ही कीं, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन यादी जनरल रजिस्टरावरून करावी. ज्या वर्षीं आपण शाळेंत दाखल झालों, त्या वर्षींचीं सर्व नांवें उतरून घ्यावीं, दहावीचीं नव्हेत. दुसरी ही कीं, मुलींचीं नांवें माहेरच्याच नांवानें लिहावीं व त्यांचा शोध भावाकडून किंवा माहेरच्या शेजाऱ्यांकडून करावा. एकट्या व्हॉट्सॲपवर भिस्त ठेवूं नये, कारण ज्यांस शोधावयाचें आहे त्यांतल्या पुष्कळांजवळ तें नसतें. तिसरी गोष्ट तारखेची. अक्षय्य तृतीयेपासून मृग निघेपर्यंत, म्हणजे मे महिन्यांत, टोळ्या गांवीं परतलेल्या असतात, व लेंकुरवाळ्या मुलीही माहेरीं आलेल्या असतात. मे महिन्यांत ऊन कडक असतें, पाण्याची टंचाई असते, हें खरें. आणि वृद्ध शिक्षकांस त्याचा त्रास होईल, ही शंकाही योग्य आहे. परंतु सकाळीं सातला आरंभ करून दहाच्या आंत समारंभ उरकतां येतो. एक टँकर पाणी मागविण्यास जो खर्च येईल, तो मंडप व ध्वनिक्षेपकाच्या खर्चाहून पुष्कळ कमी असेल.

चौथी गोष्ट वर्गणीची व परिचयाची. वर्गणी ठरवितांना सर्वांत गरीब सोबती किती देऊं शकेल, हें पाहून ठरवावी. ज्यास अधिक देणें आहे त्यानें तें गुपचूप द्यावें. आणि परिचय देतांना हुद्दा, बंगला व मुलांचे पगार सांगण्याची जी चाल पडली आहे, ती सोडावी. आपलें गांव कोणतें, बांक कितवें, शेजारीं कोण बसे, शाळेस येतांना वाटेंत कोणता ओढा लागे, एवढें सांगितलें तरी पुरे. ओढा सर्वांस सारखाच लागत होता. असें केलें, तर नववींत शाळा सोडलेल्या माणसास उभें राहून बोलतांना मान खालीं घालावी लागणार नाहीं.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मेळाव्याच्या अखेरीस शाळेस भेटवस्तु देतांना एकदां मुख्याध्यापकांस विचारावें कीं, यंदा दसऱ्यानंतर कोणत्या मुलांचीं नांवें गैरहजेरींत पडणार आहेत. तीं त्यांस ठाऊक असतात. त्या मुलांच्या सहा महिन्यांच्या राहण्याची व जेवणाची सोय, आजी-आजोबांस थोडा आधार, एखाद्या मुलीच्या सायकलीची तजवीज, एवढें एका वर्गानें एका वर्षासाठीं केलें, तरी 'शाळा सोडल्याचें कारण' हा रकाना कांहीं नांवांपुढें कोरा राहील. स्वामी रामानंद तीर्थ ज्या शाळेंत शिकवीत, ती शाळा परक्या भाषेमुळें बाहेर राहिलेल्या मुलांसाठीं होती. आज भाषा आपली आहे, इमारत आहे, शिक्षक आहेत. बाहेर राहण्याचें कारण तेवढें बदललें आहे.

लेवीय पुस्तकांतील त्या नियमाचा एक भाग आम्हीं आरंभीं सांगितला नाहीं, तो येथें सांगणें अवश्य आहे. पन्नासाव्या वर्षीं परत जाण्याचा जो हक्क होता, तो मुख्यत्वें ज्यांनीं संकटांत आपलें शेत विकलें होतें व ज्यांनीं कर्जापायीं स्वतःस चाकरींत बांधून घेतलें होतें, त्यांच्याकरितां होता. ज्याचें शेत त्याच्याच ताब्यांत होतें, त्यास शिंग ऐकून कोठें जावयाचें नव्हतें. उचल घेऊन फडांत जाणाऱ्या आपल्या सोबत्यांस हा नियम समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

आमच्या पॅरिशमधील ज्या मंडळींच्या वर्गाचा मेळावा येत्या वर्षांत भरावयाचा असेल, त्यांनीं शाळेंत जाऊन तें जनरल रजिस्टर आतांच एकदां उघडून पाहावें, व मे महिन्यांतील एखादी सकाळ ठरवून टाकावी, एवढी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करितों.